एकेचाळीस अंशांची टाकी

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की साळसूदपणे सांगत बसली होती आणि निघाली भलतीच. सातवीत असताना वर्गातल्या एका मुलीने माझी नवी कंपासपेटी पायाखाली चिरडली आणि वर दात काढून हसली. मी वर्षभर तिच्याशी गोड बोलले, तिच्या डब्यातलं खाल्लं, आणि वार्षिक परीक्षेच्या सकाळी तिला चुकीच्या वर्गात नेऊन बसवलं. ती गणिताच्या पेपरला अर्धा तास उशिरा पोचली. मला अजूनही त्याचं वाईट वाटत नाही.

मी राहते खांडबाऱ्याला, आईबरोबर. नोकरी नवापूरला. सकाळची पॅसेंजर पकडायची, उतरून हायवेच्या बाजूला वीस मिनिटं चालायचं, की एका बंद पडलेल्या पोल्ट्रीची लांबलचक शेड लागते. तीच आमची प्रयोगशाळा. सुरतेच्या एका कंपनीने ती घेतली, आतून पांढरा रंग मारला, टेबलं मांडली. वरचा पत्रा मात्र तसाच राहिला. पहिला पाऊस पडला की भिंतींतून कोंबड्यांचा वास येतो, आणि मे महिन्यात आत उभं राहिलं की चप्पल फरशीला चिकटते.

इथे आम्ही माणसाच्या मेंदूतल्या नसा बनवतो. ऐकणारे आधी हसतात, म्हणून नीट सांगते. कुणाकुणाच्या मेंदूतल्या नसेला एका जागी फुगा येतो. सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. तो फुटला की माणूस जातो, किंवा राहतो तो राहिल्यासारखा नाही. त्यावर इलाज म्हणून डॉक्टर मांडीच्या नसेतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेतात आणि फुग्याच्या तोंडावर तारांची जाळी बसवतात. रक्त जाळीच्या आतून सरळ पुढे निघून जातं आणि फुगा हळूहळू सुकतो. पण ही जाळी माणसात घालायच्या आधी तपासायची कशी? त्यासाठी आमची नस. पेशंटच्या स्कॅनवरून नसेचा साचा सुरतेहून छापून येतो. मी त्याला पॉलिश करते, त्यावर सिलिकॉनचे थर चढवते, हाताने सावकाश फिरवत वाळवते, मग आतला साचा विरघळवून काढून टाकते. मागे उरते काचेसारखी आरपार दिसणारी मऊ नस, तिच्या सगळ्या वळणांसकट, फुग्यासकट. तिला पंप जोडायचा, रक्ताऐवजी ग्लिसरीन आणि पाण्याचं मिश्रण सोडायचं, त्यात थोडा लाल रंग. पंप ठोके देतो आणि नस उडायला लागते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

थर चढवायची ही पद्धत माझी. आधी सिलिकॉन वळणांवर जाड बसायचं आणि सरळ भागात पातळ. मी दोन महिने खपले, ब्रश बदलले, फिरवायचा वेग बदलला, कोणत्या वळणावर किती थांबायचं ते बोटांना शिकवलं. आणि कंपनीच्या बैठकीत आमच्या साहेबांनी सांगितलं, "मी एक प्रोसेस बसवली आहे." मी! मी तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी होते. कारण चहा आणायलाही मीच.

हे साहेब इंजिनिअर. आठवड्यातून तीन दिवस सुरतेहून गाडीने यायचे, एकटे केबिनमध्ये एसी लावून बसायचे. बोलणं अगदी स्वच्छ, पुस्तकातलं. मला 'मॅडम' म्हणायचे, आणि ते असं म्हणायचे की शिवी परवडली असती. माझ्या तोंडून चुकून 'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' निघालं, घरच्या सवयीने, की ते दिवसभर ते चघळत बसायचे. "मॅडम, पंप चालू शे का?" मग स्वतःच हसायचे. मी बी.एस्सी. आहे, पहिल्या वर्गात. पण चाचणीच्या कागदावर सही त्यांची एकट्याची. माझ्या सहीला जागाच ठेवलेली नव्हती.

त्या उन्हाळ्यात एका बाईची नस आमच्याकडे आली. नाव नाही, आम्हाला नाव कळवत नाहीत. कागदावर फक्त: स्त्री, वय पंचावन्न. सुरतेच्या एका मोठ्या डॉक्टरांची पेशंट. नस अवघड होती, एकापाठोपाठ दोन वळणं आणि दुसऱ्या वळणाच्या पोटात तुरीच्या दाण्याएवढा फुगा. डॉक्टरांचं म्हणणं असं, की आधी मी मॉडेलवर हात बसवीन, मग तिला टेबलवर घेईन. त्यांनी नवापूरला यायचा दिवस ठरवला, ऑपरेशन त्यानंतर आठवड्याने. त्याच सुमाराला कंपनीची जाळ्यांची नवी खेप तयार झाली होती, आणि तिची चाचणीही ह्याच नसेवर करायची ठरली.

मी ती नस तीन वेळा केली. पहिल्या दोन माझ्या मनाला येईनात. तिसरी हातात घेतली आणि उजेडात धरली, तेव्हा मला वाटलं, ही बाई आता मला हिच्या घरच्यांपेक्षा जास्त माहीत आहे. मी तिला 'माझी बाई' म्हणायला लागले. मनातल्या मनात.

आता टाकीबद्दल सांगायला हवं. जाळीच्या तारा अशा धातूच्या असतात, की त्यांना ऊब लागली की त्या आपोआप आपला मूळ आकार धरतात. नळीत चिमटून बसलेली जाळी बाहेर पडते, अंगातल्या उबेने उघडते आणि नसेला घट्ट लागून बसते. म्हणून मिश्रण ज्या टाकीतून येतं ती सदतीस अंशांवर ठेवायची, शरीराइतकी. टाकीत हीटर आहे. पाणी थंड असलं की त्याचा लाल दिवा लागतो, सदतीस झालं की विझतो. डिसेंबरात मी सारखा थर्मामीटर बुडवून कंटाळले होते. तेव्हा मीच एक कागद लिहून भिंतीला चिकटवला: 'लाल दिवा बंद म्हणजे पाणी तयार.' थंडीत ते बरोबर होतं. अगदी बरोबर.

पण हीटर पाणी तापवतो, निववत नाही. मे महिन्यात पत्र्याखालच्या शेडमध्ये, टाकीचं पाणी सकाळी दहालाच सदतीसच्या पुढे गेलेलं असायचं. दिवा लागायचाच नाही. आणि आम्ही सगळे त्या बंद दिव्याकडे बघून माना डोलवायचो, पाणी तयार आहे म्हणून. त्यात मीही होते. ज्या गावात लोक उन्हाळ्यात आंघोळीला नळाचं पाणी घेत नाहीत, पोळतं म्हणून, त्या गावात आम्हाला हे सुचलं नाही!

मला सुचलं ते चाचणीच्या तिसऱ्या दिवशी. टाकी पुसताना हात लागला आणि चटका बसल्यासारखं झालं. थर्मामीटर घातला. एकेचाळीस. मी पुन्हा पाहिलं. एकेचाळीसच्या थोडं वरच. त्या दिवशी सुरतेहून कंपनीची दोन माणसं आली होती, साहेब त्यांना जाळी कशी फुलासारखी उघडते ते दाखवत होते. आणि उघडत होतीच ती, झकास उघडत होती. मी जवळ गेले आणि हळूच म्हटलं, "सर, टाकी एकेचाळीसवर शे." घाबरल्यामुळे निघालं तोंडातून.

त्यांनी थर्मामीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "हे अक्षर कुणाचं शे, मॅडम?"

"माझं."

"दिवा बंद शे ना? मग झालं तर. तुम्ही नळ्या पुसा. उन्हाने टाकी तापलेली नाही, तुमचं डोकं तापलंय. घरी जाऊन डोक्यावर ओला टॉवेल ठेवा." आणि पाहुण्यांकडे वळून, "ह्या भागात हे असंच. माणसं गुणी आहेत, पण सायन्स म्हटलं की गडबड."

दोघे हसले. एक तर माझ्याकडे बघून हसला, समजूत घातल्यासारखा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नळ्या पुसल्या. एकेक नळी घासून पुसली आणि प्रत्येक नळीला मनात एकेक शिवी दिली, आमच्या बोलीतली. त्या त्यांना कळल्याही नसत्या.

संध्याकाळी साहेबांनी कागदावर लिहिलं: तापमान सदतीस, जाळी पूर्ण उघडली, खेप पास. सही ठोकली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांची सुटी होती. मी स्टेशनवरून येताना हायवेवरच्या आईसकँडीवाल्याकडून बर्फाची लादी घेतली, पोत्यात गुंडाळून डोक्यावर शेडपर्यंत नेली. अर्धा बर्फ मानेवरून ओघळला. तुकडे पिशव्यांत बांधून टाकीत सोडले. थर्मामीटर उतरत उतरत छत्तीसवर आला आणि कितीतरी दिवसांनी लाल दिवा लागला. मग विझला. बरोबर सदतीस. चाचणीतून उरलेली त्याच खेपेची एक जाळी घेतली, माझ्या बाईच्या नसेत सोडली आणि भिंग लावून बघत बसले.

उघडली नाही. म्हणजे सुरुवातीला उघडली, शेवटाला उघडली, पण दुसऱ्या वळणात, नेमकी फुग्यापाशी, तशीच आवळलेली राहिली, नाडी ओढलेल्या पिशवीसारखी. मी दहा मिनिटं वाट पाहिली. काढली, धुतली, पुन्हा सोडली. तेच. तिसऱ्यांदा तेच. अशी आवळलेली जाळी खऱ्या नसेत बसली तर रक्त पुढे जायला वाट उरत नाही, तिथे गुठळी होते, आणि अर्धं अंग जातं. हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती, आम्ही रोज तेच शिकत होतो.

आणि मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. खोटं कशाला बोलू! मी त्या शेडमध्ये एकटी उभी होते, ओल्या मानेची, आणि मला हसू आवरेना. सापडलास मेल्या, म्हटलं. मी एक वही काढली, पहिल्या पानावर तारीख, वेळ, तापमान, तिन्ही वेळचा निकाल लिहिला. मोबाइलवर चित्रण केलं. पुढचे सगळे दिवस, साहेब एकेचाळीसवर चाचण्या करत असताना, मी प्रत्येक वेळचं खरं तापमान त्या वहीत टिपत राहिले.

डॉक्टरांचा नंबर फाइलवर होता. मी तो मोबाइलमध्ये घालूनही ठेवला. त्याच सकाळी फोन करता आला असता. पण मी हिशेब केला. फोन केला तर डॉक्टर कंपनीला विचारणार, कंपनी साहेबांना विचारणार, आणि साहेब म्हणणार, "होय, मी एक प्रॉब्लेम पकडला आहे." मी! पुन्हा तोच 'मी'. मला पुन्हा नळ्या पुसायला लावून तो माणूस पुन्हा टाळ्या घेणार. छे! डॉक्टर यायला एकोणीस दिवस होते. ऑपरेशन त्याच्याही पुढे आठवड्याने. माझ्या बाईला कसलाही धोका नव्हता. डॉक्टरांसमोर, कंपनीच्या लोकांसमोर, ते दोन हसणारे असतील तर त्यांच्याही समोर, चारचौघांत त्याचं नाक कापायचं, असं मी ठरवलं.

आईला सांगितलं. ती शेवग्याच्या शेंगा सोलत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग सांगी टाक ना त्या डॉक्टरले. तुन्हाजोडे फोन शे ना?"

"सांगेन. वेळ आल्यावर."

"त्या बाईनं तुन्हं काय घोडं मारेल शे?"

"तिला काही होत नाही आई. तिचं ऑपरेशन लांब आहे."

"तुन्हा बाप बी असाच व्हता," ती म्हणाली आणि शेंगा घेऊन आत गेली. मला राग आला. मी म्हटलं, हिला काय कळतंय यातलं.

ते एकोणीस दिवस माझे फार छान गेले. इतकी खुशीत मी कधी नव्हते. साहेब 'शे' म्हणून चिडवायचे आणि मी हसायचे, मनापासून. त्यांना चहा नेऊन द्यायचे, साखर बरोबर घातलेली. गाडीत खिडकीशी बसून मी वाक्यं घोळवायचे. कोणतं आधी म्हणायचं, कुठे थांबायचं. "सर, दिवा बंद शे ना? मग झालं तर." हे वाक्य मी इतक्या वेळा म्हणून पाहिलं की शेजारच्या मावशींनी एकदा विचारलं, "काय म्हणतेस गं?" दहाव्या-अकराव्या दिवशी साहेबांना केबिनमध्ये फोन आला. दाराआडून माझ्या कानावर एवढंच पडलं, "हो हो, पास आहे, बिनधास्त वापरा." मला वाटलं, असेल कुठल्या तरी हॉस्पिटलचा. मी काचा पुसत होते, त्या पुसत राहिले.

तो दिवस आला. मी पहिल्या गाडीने गेले, बर्फ टाकला, टाकी सदतीसवर आणली. साडेदहाला सगळे आले. डॉक्टर उंच, पिकल्या केसांचे, मूळचे धुळ्याकडचे. ते कुणाशी फारसं बोलले नाहीत. चहा घेतला नाही. मला वाटलं, मोठी माणसं, असतात अशी. ते हसणारे दोघेही होते. देव पावला, म्हटलं.

साहेबांनी स्वतःच जाळी हातात घेतली, त्यांना दाखवायची भारी हौस. नळी नसेत सरकवली, दुसऱ्या वळणापाशी आणली, जाळी सोडली. सगळे भिंगाला जोडलेल्या पडद्याकडे वाकले. जाळी सुरुवातीला उघडली. वळणात आवळलेली राहिली. साहेबांनी नळी हलवली, मागे घेतली, पुढे ढकलली. लाल पाणी वळणापाशी अडायला लागलं आणि पंपाचा आवाज बदलला. त्यांच्या कपाळावर घाम आला. मी तो मनसोक्त पाहिला.

"मॉडेलमध्ये खोट आहे," ते म्हणाले. "ह्यांनी वळणावर सिलिकॉन जाड लावलंय. मी हजार वेळा सांगितलं होतं."

माझ्या पद्धतीला खोट! मी पुढे झाले. थर्मामीटर टाकीत बुडवला आणि डॉक्टरांच्या हातात दिला. "सदतीस आहे, सर. आमच्या साहेबांनी खेप पास केली तेव्हा एकेचाळीस होतं. ह्या शेडमध्ये मे महिन्यात हीटरचा दिवा लागतच नाही, आणि पाणी गार आहे की उकळतंय हे कुणी बघत नाही. मी सांगितलं होतं. मला डोक्यावर ओला टॉवेल ठेवायला सांगितलं." मग मी साहेबांकडे वळले आणि ते वाक्य म्हटलं. ठेवणीतलं. जसं घोळवलं होतं तसंच, त्यांच्याच सुरात. "सर, दिवा बंद शे ना? मग झालं तर."

कुणी हसलं नाही. पण साहेबांचं तोंड पांढरंफटक पडलं, आणि त्या दोघांपैकी एकाने खाली बघितलं. मला ते पुरे होतं. मी मोबाइलवरचं चित्रण लावलं. वही काढून डॉक्टरांपुढे ठेवली, अगदी मानाने, आहेर ठेवावा तशी. "ह्यात सगळं आहे सर. तारीखवार."

डॉक्टर वहीकडे बघत नव्हते. ते नसेकडे बघत होते, त्या आवळलेल्या वळणाकडे. मग म्हणाले, "असंच झालं."

मला कळलं नाही.

"अगदी असंच झालं," ते म्हणाले. "ह्याच जागी. मी तेच बघायला आलो होतो, की माझा हात चुकला का." मग त्यांनी वही उघडली. पहिलं पान. तारखेवर बोट ठेवलं आणि ते बोट तिथेच राहिलं. "हे तुम्हाला ह्या दिवशी कळलं?"

"हो सर."

"नऊ दिवसांपूर्वी ह्या पेशंटची पापणी पडली. फुगा वाढत होता. थांबता येत नव्हतं. इथे फोन करून विचारलं, खेप ठीक आहे ना म्हणून, आणि रात्रीच्या आत टेबलवर घेतलं." ते मोठ्याने बोलत नव्हते. "तुमच्याकडे माझा नंबर नव्हता का?"

माझा मोबाइल त्यांच्या समोर टेबलावर होता, चित्रण अजून चालू होतं. मी म्हटलं, "होता."

त्यांनी वही मिटली आणि माझ्या हातात परत दिली. रागावले असते तर बरं झालं असतं. एकोणिसातून नऊ वजा करायला मला बी.एस्सी. लागत नाही.

पुढचं सगळं माझ्या मनासारखं झालं. साहेबांना कंपनीने काढलं. खेप हॉस्पिटलांतून परत मागवली. दहा-बारा ठिकाणी गेलेल्या जाळ्या कुणाच्या अंगात जायच्या आधी परत आल्या, हे खरं आहे आणि ते मी स्वतःला सांगत असते. शेडला आतून थर्माकोल लावला, टाकीला पाणी निववणारं यंत्र आलं, आणि ती केबिन मला मिळाली. आता चाचणीच्या कागदावर माझी सही असते. डॉक्टरांनी त्या तारखेबद्दल कुणालाही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. आणि साहेबांबद्दल म्हणाल तर आजही तो माणूस नंदुरबारच्या स्टेशनवर दिसला तर मी रस्ता बदलणार नाही, त्यालाच बदलायला लावीन. 'पास आहे, बिनधास्त वापरा' हे त्याने म्हटलं, मी नाही. असं मी आईला म्हटलंही. ती उठून भाकऱ्या थापायला गेली.

दिवाळीनंतर डॉक्टरांचा निरोप आला. ती पेशंट तुमच्याच जिल्ह्यातली आहे, शहाद्याच्या पलीकडे, तापीकाठी. घरची माणसं तुम्हाला भेटायचं म्हणतात. मी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा तिच्या सुनेनेच फोन केला, "ताई, तुम्ही याच." मग गेले.

केळीच्या बागांमधून रस्ता. मोठं घर, स्वच्छ ओटा, आत पलंगावर ती. मी तिला पहिल्यांदा पाहत होते. गोरी, ठसठशीत कुंकू, केस नीट विंचरलेले, कुणीतरी रोज विंचरत असणार. उजवा हात चादरीवर पडलेला. उजवीकडचा ओठ खाली उतरलेला. बोलता येत नाही, सून म्हणाली, कळतं सगळं. माझ्याकडे तिने टक लावून पाहिलं. मला तिच्या नसेची सगळी वळणं माहीत होती, आणि तोंडाकडे बघवेना.

सुनेने पाणी दिलं, चहा दिला, पपई कापून आणली. "डॉक्टरांनी सांगितलं आम्हाला," ती म्हणाली. "नवापूरच्या लॅबमधल्या एका ताईने चूक पकडली, साहेबाला न घाबरता तोंडावर बोलली, म्हणून पुढच्या माणसांचे जीव वाचले. आमच्या आईंचं नशीब म्हणायचं, दुसरं काय. पण तुम्ही नसता तर किती घरांत असं झालं असतं!" तिचे डोळे भरून आले होते. मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं. शपथेवर सांगते, मला सांगायचं होतं, दहा दिवस होते म्हणून, नंबर होता म्हणून. पपईची फोड हातात होती, ती मी तोंडात घातली.

पलंगावरून आवाज आला, शब्द नसलेला. सासूने डावा हात उचलला होता आणि तो माझ्या दिशेने पुढे केला होता. "आईंना तुम्हाला आशीर्वाद द्यायचाय," सून म्हणाली. "उजवा उचलत नाही ना त्यांचा. डाव्याने दिला तर चालेल का हो, ताई?"

मी चालेल म्हटलं, पलंगापाशी गेले आणि डोकं वाकवलं.